पंच्याण्णव डेसिबलची वेस: टिरोलमधली मोटरसायकल बंदी

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने १० जून २०२० पासून रॉयट जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवर मोटरसायकलींसाठी एक नवी अट घातली. नोंदणीपत्रात उभ्या गाडीच्या आवाजाचा आकडा ९५ डेसिबलपेक्षा जास्त असेल, तर त्या गाडीला या रस्त्यांवर प्रवेश नाही. मोडल्यास २२० युरो दंड, आणि आल्या वाटेने परत. त्या वर्षी ही बंदी ३१ ऑक्टोबरपर्यंत होती. पुढच्या हंगामांतही ती पुन्हा लावली गेली.

बंदी सायलेन्सर बदललेल्या गाड्यांपुरती नव्हती, हे आधीच लक्षात घेतलेले बरे. शोरूममधून आणलेली, एकही नट न हलवलेली, सगळे कागद चोख असलेली गाडीही तिच्यात अडकत होती. त्याच वेळी सायलेन्सरमधला डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा सुटा तुकडा, काढून खिशात टाकलेली एखादी गाडी, तिच्या कागदावर ९२ लिहिलेले असेल तर, या नियमाच्या कचाट्यातून सुटू शकत होती. आवाजाविरुद्धचा कायदा आवाज न मोजता चालवला, तर काय होते ते या प्रकरणात स्पष्ट दिसते. आपल्याकडे बुलेटच्या सायलेन्सरवरून जी कारवाई चालते, तिचा अडलेला धागाही मला इथेच सापडतो, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहायचे आहे.

जागा

रॉयट जिल्ह्याला तिथले लोक आउसरफेर्न म्हणतात. फर्न खिंडीच्या पलीकडचा मुलूख. जर्मनीतल्या फ्यूसेनहून सीमा ओलांडली की लगेच हा भाग सुरू होतो. लेख नदीचे लांबच लांब खोरे, टानहाइमचे खोरे, आणि लेखच्या खोऱ्यातून इम्स्टकडे उतरणारा १८९४ मीटर उंचीवरचा हानटेनयोख घाट. बव्हेरियातून सकाळी निघायचे, तीन-चार घाट करायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, असा हा मोटरसायकलवाल्यांचा लाडका फेरा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी इथे रांगा लागतात.

अरुंद खोऱ्यात आवाज अडकून राहतो. दोन्ही बाजूंचे कडे तो परत फेकतात. रस्ता वळणावळणाचा, म्हणून प्रत्येक वळणावर गाडी खालच्या गिअरमध्ये येते आणि वळण संपताच थ्रॉटल पूर्ण उघडतो. इंजिनचा सगळ्यात मोठा आवाज नेमका याच क्षणी निघतो, आणि वळणाच्या तोंडाशी कुणाचे तरी घर असते. मुळशीहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गोंगाट गाड्यांच्या एकूण संख्येइतका वाढत नाही, हाही मुद्दा इथे येतो. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. ८० डेसिबलच्या दोन गाड्या एकत्र आल्या तर आवाज १६० होत नाही, ८३ होतो. दहा गाड्या एकत्र आल्या तर ९०. याच हिशोबाची दुसरी बाजू अशी, की ९० डेसिबलची एकटी गाडी ८० डेसिबलच्या दहा गाड्यांइतकी ध्वनिऊर्जा हवेत सोडते. शंभर गाड्या शांतपणे गेल्या आणि तीन-चार गाड्या फाडत गेल्या, तर गावकऱ्याच्या लक्षात राहतात त्या तीन-चारच. टिरोल सरकारने सगळ्या मोटरसायकलींवर बंदी न घालता फक्त मोठ्या आवाजाच्या गाड्या निवडायचे ठरवले, हा विचार मला पूर्ण पटतो. गडबड झाली ती निवडण्याची चाळणी ठरवताना.

आकडा कुठून येतो

मोटरसायकलीचा आवाज दोन प्रकारे मोजतात. दोन्हीत आकडा डेसिबलमध्येच येतो, त्यामुळे घोटाळा होतो.

पहिली चाचणी धावत्या गाडीची. मोकळ्या पट्ट्यावर गाडी ठरलेल्या वेगाने, बहुतेक गाड्यांसाठी ताशी सुमारे ५० किलोमीटरने, येते आणि एका रेषेवर चालक थ्रॉटल पूर्ण उघडतो. पुढचे २० मीटर तसेच जायचे. मार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर माईक असतात. त्यांवर आलेला सर्वांत मोठा आवाज हा गाडीचा आकडा. कायद्याची कमाल मर्यादा या आकड्याला असते. युरोपात जुन्या नियमानुसार ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी मर्यादा होती. नंतरच्या नियमात गाडीची ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तरावर तीन वर्ग केले, आणि सर्वांत ताकदवान वर्गाला ७७ डेसिबलची मर्यादा आली.

दुसरी चाचणी उभ्या गाडीची. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात माईक धरायचा. इंजिनची कमाल ताकद ज्या आरपीएमवर (मिनिटाला इंजिनच्या जितक्या फेऱ्यांवर) मिळते तो आकडा ५००० पेक्षा जास्त असेल तर त्याच्या निम्म्यावर, नाही तर पाऊणपटीवर इंजिन स्थिर ठेवायचे, मग थ्रॉटल सोडायचा. येणारा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. जर्मन नोंदणीपत्रात त्यासाठी 'यू.१' हा रकाना आहे, आरपीएम 'यू.२' मध्ये आणि धावत्या गाडीचा आवाज 'यू.३' मध्ये असतो.

या दुसऱ्या आकड्याला कायद्याने कमाल मर्यादाच नव्हती. तो संदर्भासाठी नोंदवलेला आकडा आहे. रस्त्यात पोलिसाला संशय आला तर त्याने तीच चाचणी तिथल्या तिथे, त्याच आरपीएमवर घ्यायची आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहायची. कागदावर ९१ आणि रस्त्यात १००, म्हणजे सायलेन्सरमध्ये काहीतरी केलेले आहे. किती सोपी आणि प्रामाणिक युक्ती! गाडी ही स्वतःचीच मोजपट्टी होते.

टिरोलने हा ताडून पाहायचा आकडा घेतला आणि त्याचीच वेस बांधली.

असे का केले असावे? माझा तर्क असा. धावत्या गाडीच्या आवाजाचे आकडे सगळे एका जागी दाटलेले असतात. मर्यादा ७७ असेल तर कारखाने गाडी ७६-७७ ला आणून ठेवतात, ८० असेल तर ७९-८० ला. त्या रकान्यावरून शांत आणि कर्कश गाडी वेगळी काढता येत नाही. उभ्या गाडीच्या आकड्याला मर्यादा नसल्यामुळे तो मात्र पसरलेला असतो. कुठे ऐंशीच्या घरात, कुठे शंभरीच्या पुढे. चाळणी लावायला तो सोयीचा. शिवाय पोलिसाला माईक नको, मोकळी जागा नको, वारा थांबायची वाट पाहायला नको. कागद उघडायचा आणि आकडा वाचायचा.

अडकले कोण, सुटले कोण

आता थोडे गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. अर्ध्या मीटरपासून साडेसात मीटर म्हणजे अंतर पंधरापट, म्हणजे घट सुमारे साडेतेवीस डेसिबल. सायलेन्सरच्या तोंडाशी ९५ मोजलेली गाडी इंजिनच्या त्याच अवस्थेत साडेसात मीटरवर साधारण ७१-७२ देईल. उलट बाजूने पाहिले, तर साडेसात मीटरवर कायदेशीर ८० देणारी गाडी तोंडाशी १०३ च्या आसपास असू शकते. हे ढोबळ आहे, कारण दोन्ही चाचण्यांत इंजिन वेगवेगळ्या स्थितीत असते. पण ९५ आणि ८० हे आकडे शेजारी ठेवून 'पंधराने जास्त' म्हणणे किती चुकीचे आहे, ते एवढ्यावरून कळते.

इंजिनच्या स्थितीतला फरकही लहान नाही. १२,००० आरपीएमवर कमाल ताकद देणारी चार सिलिंडरची स्पोर्ट्सबाईक उभ्या चाचणीत ६००० वर मोजली जाते. घाटात चालक ती चार-पाच हजारांवर चालवत असेल, तर गावकऱ्याला ऐकू येणारा आवाज कागदापेक्षा बराच कमी असतो. ५००० वर कमाल ताकद देणारी जाड्या सिलिंडरची क्रूझर ३७५० वर मोजली जाते, आणि चालक वळणानंतर ती त्याच्या पुढे सहज नेतो. म्हणजे कागदावर पहिली मोठी दिसते आणि रस्त्यावर दुसरी मोठी ऐकू येते.

एक्झॉस्टमधली झडप हा आणखी एक प्रकार. बऱ्याच आधुनिक गाड्यांत सायलेन्सरच्या नळीत मोटरवर चालणारी झडप असते. ती कोणत्या आरपीएमला, कोणत्या गिअरला आणि किती थ्रॉटलला उघडायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. चाचणीच्या टप्प्यात ती बंद राहील आणि त्याच्या जरा पलीकडे उघडेल, अशी जुळणी करणे शक्य असते. युरो ४ या युरोपीय नियमांबरोबर, म्हणजे नव्या मॉडेलना २०१६ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना २०१७ पासून, चाचणीच्या बाहेरच्या वेगांतही आवाज तपासण्याची जादा अट आली ती यासाठीच. रस्त्यावर मात्र त्या आधीच्या गाड्या वर्षानुवर्षे राहणारच.

आणि बाजारात मिळणारा सायलेन्सर. कारखान्याच्या सायलेन्सरमध्ये बहुधा कप्पे असतात. वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात, वळसे घेत जातो आणि ध्वनीलहरी एकमेकींना मारतात. बदली सायलेन्सर बहुतेक वेळा सरळ असतो: मधून भोकांची नळी, भोवती ग्लासवूल, तोंडाला बोल्टने अडकवलेला डीबी किलर. युरोपात असा सायलेन्सर विकताना त्याला बदली सायलेन्सरच्या नियमानुसार मान्यता आणि ई-चिन्ह लागते. डीबी किलर काढला की ती मान्यता राहत नाही. पण डीबी किलर जागेवर असूनही ग्लासवूल काही हंगामांत जळत, उडत जाते आणि सायलेन्सर दरवर्षी थोडा थोडा मोठ्याने बोलू लागतो. कागदावरचा आकडा तोच राहतो. टिरोलच्या वेशीवर ही गाडी अडत नाही. तिथले पोलीस तिला बेकायदा बदलासाठी वेगळ्या नियमाखाली थांबवू शकतात, तो अधिकार आधीपासून होताच. पण मग त्यासाठी माईक काढावा लागतो, आणि त्या कटकटीतून सुटण्यासाठीच तर कागदाचा मार्ग धरला होता.

म्हणून माझे मत असे, की टिरोलची तक्रार खरी, निवडक बंदीची कल्पना योग्य, पण आकडा चुकीच्या कामाला जुंपलेला.

सीमेपलीकडचा वाद

बंदी आली तेव्हा जर्मनीत वातावरण आधीच तापले होते. १५ मे २०२० ला बुंडेसराट, म्हणजे तिथल्या राज्यांच्या सभागृहाने, नव्या मोटरसायकलींचा आवाज सर्व स्थितींत ८० डेसिबलच्या आत ठेवावा आणि गरज पडेल तिथे रविवारी व सुट्टीच्या दिवशी बंदी घालता यावी, असा ठराव केला होता. त्यावरून जुलैत म्युनिकसह अनेक शहरांत मोटरसायकलवाल्यांनी मोठे मोर्चे काढले. केंद्रीय वाहतूक मंत्री आंद्रेयास शोयर यांनी नव्या बंद्यांना नकार दिला.

त्या गदारोळात एक चांगली गोष्ट झाकली गेली. बुंडेसराटच्या ठरावातले 'सर्व स्थितींत' हे शब्द टिरोलच्या अटीपेक्षा कितीतरी नेमके होते. एका ठराविक आरपीएमला मोजलेल्या आकड्याऐवजी गाडी कशीही चालवली तरी मर्यादा पाळली गेली पाहिजे, असे ते म्हणत होते. रविवारच्या बंदीची भीती इतकी मोठी होती की या मागणीकडे फारसे कुणी शांतपणे पाहिले नाही.

फ्रान्सने तिसरा रस्ता धरला: खरोखर मोजायचे. ब्रुइपारीफ या पॅरिस परिसरातल्या ध्वनी-निरीक्षण संस्थेने 'मेदूझ' नावाचे उपकरण तयार केले. त्यात चार माईक असतात, आणि आवाज कोणत्या दिशेने आला ते ते शोधते. कॅमेऱ्याशी जोडले की आवाज कोणत्या वाहनाचा तेही कळते. २०१९ च्या अखेरच्या कायद्याने अशा ध्वनी-रडारच्या प्रयोगाला परवानगी मिळाली आणि २०२२ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर ती बसू लागली. दंड १३५ युरो. यंत्र महाग, काम हळू. पण यात शिक्षा होते ती प्रत्यक्ष केलेल्या आवाजाची, कागदावरच्या आवाजाची नाही.

आपला कागद

भारतातले दुचाकींचे आकडे पाहिले की युरोपचा जुना नियम लगेच ओळखू येतो: ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७, पुढे ८० डेसिबल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० वाहन या मर्यादेत बनवलेले आणि तसे राखलेले असले पाहिजे असे सांगतो. म्हणजे जबाबदारी कारखान्यापुरती थांबत नाही, मालकावरही येते. मोजायची पद्धत तीच, साडेसात मीटरवरची धावत्या गाडीची. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत नव्या मॉडेलची ही चाचणी होते, आणि ती नीट होते.

शिक्षाही कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे मानक मोडणाऱ्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्रता. कलम १८२ए(४) खाली परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. २० जुलै २०२१ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात न्यायमूर्ती अब्दुल मोईन यांनी बदललेल्या सायलेन्सरच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली, बुलेटसह अनेक गाड्यांचा उल्लेख केला आणि उत्तर प्रदेशातल्या अधिकाऱ्यांना कारवाई करायला सांगितले.

कायदा आहे, न्यायालय जागे आहे. मग रस्त्यात पोलीस मोजतात काय?

साडेसात मीटरची चाचणी चौकात होऊ शकत नाही. वाहता रस्ता, भिंती, हॉर्न, मागून येणारी बस. म्हणून होते काय, तर सायलेन्सर दिसायला इंदोरी आहे, शॉर्ट बॉटल आहे (दोन्ही बाजारात मिळणारे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर), कानाला फटाका ऐकू आला, की गाडी बाजूला. मग जप्त केलेल्या सायलेन्सरांचा ढीग आणि त्यावर रोडरोलर. इग्निशन बंद-चालू करून फटाके काढणाऱ्याबद्दल मला जराही कणव नाही. न जळलेले पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटवून दवाखान्यासमोरून जाणाऱ्याची गाडी थांबलीच पाहिजे. पण कानावर चालणाऱ्या या कारवाईत दोन चुका होतात. एक, शेवटच्या टोकाला काळा रंग दिलेला, डीबी किलर घातलेला, मर्यादेतला सायलेन्सर दिसण्यावरून पकडला जातो. दोन, कारखान्याच्याच सायलेन्सरचे बाफल, म्हणजे आवाज दाबणारे पडदे, आतून कापलेले असले तर तो दिसण्यावरून सुटतो. हा दुसरा प्रकार आपल्या गल्ल्यांत भरपूर आहे. दोनशे-तीनशे रुपयांत वेल्डिंगवाला बाटली कापतो, आत मोकळी करतो, पुन्हा जोडतो आणि वर बफिंग मारून देतो.

काही ठिकाणी पोलीस ध्वनिमापक घेऊन उभे राहतात. तो सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, आकडा ९४ आला, आणि मर्यादा ८० म्हणून पावती फाडली, तर ती पावती वर केलेल्या गणितानुसार टिकणारी नाही. शांत, मूळ सायलेन्सरची साडेतीनशे सीसीची गाडीही अर्ध्या मीटरवर ऐंशीच्या पुढे सहज जाते. ज्याच्याकडे थोडी माहिती आणि बरा वकील आहे तो सुटेल, बाकीचे भरतील.

टिरोलने चुकीच्या कामाला लावलेला आकडा आपल्याकडे योग्य कामाला लावता येईल. १ एप्रिल २०१७ पासून फॉर्म २२ मध्ये, म्हणजे गाडी घेताना कारखान्याकडून मिळणाऱ्या योग्यता प्रमाणपत्रात, हॉर्नचा आवाज आणि धावत्या गाडीचा आवाज लिहावा लागतो. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाच्या फाईलमध्ये हा कागद असतो, आणि बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो. त्यात आणखी दोन रकाने हवेत: उभ्या गाडीचा आवाज, आणि तो कोणत्या आरपीएमवर मोजला ते. तेच दोन आकडे आरसीवर आणि वाहन पोर्टलवर. कारखान्यांना हे जड नाही. युरोपात निर्यात होणाऱ्या भारतीय मोटरसायकलींसाठी ही उभी चाचणी करावीच लागते.

मग तपासणी पीयूसी केंद्रावरही होऊ शकते. गाडी तिथे तशीही उभी असते, इंजिन चालू असते, नळीत प्रोब घातलेला असतो. अर्ध्या मीटरवर ४५ अंशांत एक प्रमाणित ध्वनिमापक, तीन वाचने, आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा ठरलेल्या सवलतीहून जास्त आले तर प्रमाणपत्र नाही. सवलत ठेवावीच लागेल, कारण केंद्राची शेड, शेजारची भिंत आणि वाहता रस्ता दोन-चार डेसिबल इकडे-तिकडे करणारच. खरी अडचण आरपीएमची आहे. आपल्या अनेक साडेतीनशे सीसी गाड्यांना आणि जवळपास सगळ्या जुन्या बुलेटना टॅकोमीटर नाही. नव्या गाड्यांत तो आकडा डायग्नोस्टिक सॉकेटमधून घेता येईल. जुन्यांसाठी प्लगच्या वायरला लावायचा क्लिपचा आरपीएम मीटर लागेल, आणि तो हाताळायला केंद्रावरच्या मुलाला शिकवावे लागेल. जुन्या गाड्यांच्या फॉर्म २२ मध्ये उभा आकडा नसणार, त्यामुळे त्यांच्यासाठी मॉडेलनिहाय तक्ता कारखान्यांकडून मागवावा लागेल.